शेत त्यांचं, वाट सगळ्यांची: केंटच्या टेकड्या-बागांमधून पहिली पायपीट

फाटक उघडं होतं, खांबावर पिवळा बाण होता, तरी मी बाहेरच उभी होते. आत सफरचंदाची बाग. तारांना बांधलेली बुटकी झाडं एका ओळीत, मधल्या पट्ट्यात कापलेलं गवत, लांबवर एक ट्रॅक्टर. दुसऱ्याच्या बागेत विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. नाशिककडे द्राक्षबागेत कुणी अनोळखी असं शिरलं तर शेतकरी हटकणारच. शेवटी ट्रॅक्टरवरच्या आजोबांनीच लांबून हात केला आणि सरळ पुढे जा अशी खूण केली. मी पाचशे पावलं चालले, पलीकडच्या फाटकातून बाहेर पडले, आणि तेव्हा लक्षात आलं की त्यांनी मला परवानगी दिली नव्हती. ती द्यायची वेळच नव्हती. त्यांनी फक्त वाट दाखवली.

आपल्याकडे याला वहिवाट म्हणतात. बांधावरून, शेतामधून लोक पिढ्यान्‌पिढ्या जात आले की ती वाट कुणा एकाने बुजवायची नाही. बुजवलीच तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. इंग्लंडमध्ये ही वहिवाट थेट नकाशावर नेऊन बसवली आहे. १९४९ च्या कायद्याने काउंट्यांना, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना, आपापल्या हद्दीतल्या अशा वाटा शोधून त्यांचा अधिकृत नकाशा करायला लावला. आज इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटा आहेत. हे फुकट मिळालेलं नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडच्या कामगार पोरांनी किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम चढाई केली, कारण तिथला माळ शिकारीसाठी राखीव ठेवून लोकांना बंद केला होता. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं.

हे सगळं आधी सांगतेय, कारण नवख्याला पाय अडवत नाहीत, संकोच अडवतो. सह्याद्रीत राजगड-तोरणा करून आलेली मंडळी इथे पार्कात फेऱ्या मारत बसतात, कारण हिरव्या शेतात शिरायचं कसं हे कुणी सांगितलेलं नसतं. ते इथे सांगते. उदाहरणाला केंट घेतलं आहे, कारण ते लंडनहून तासाभरावर आहे आणि टेकड्या, रान आणि फळबागा तिन्ही एकाच दिवसात भेटतात.

आधी महिना ठरवा

जागा नंतर, महिना आधी. एकच वाट एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये ओळखू येत नाही.

एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचा महिना सगळ्यात सुंदर. आधी चेरी आणि पेअर फुलतात, त्यांच्या मागोमाग, एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, सफरचंद. सफरचंदाची कळी गुलाबी असते आणि उमलता उमलता पांढरी होते, त्यामुळे एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. त्याच दिवसांत जुन्या रानांमध्ये जमिनीवर ब्लूबेलचा निळा-जांभळा थर पसरतो. वरची झाडं पालवून सावली दाट व्हायच्या आत या फुलांना आपलं वर्षाचं काम उरकायचं असतं, म्हणून सगळी एकदमच येतात. कासच्या पठारासारखीच ही वेळेची गोष्ट आहे. दोन आठवडे उशीर झाला की संपलं.

जून-जुलैमध्ये दिवस मोठा, सूर्य नऊच्या पुढे मावळतो, आणि चेरी पिकते. सप्टेंबर-ऑक्टोबर हा सफरचंदांच्या तोडणीचा काळ. कुंपणांवर ब्लॅकबेरी, रानात चेस्टनट, हवेत थोडा गारवा. पहिल्यांदा चालणाऱ्याला मी मे किंवा सप्टेंबर सांगेन.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी वाईट नाही, पण तो शिकलेल्यांसाठी आहे. नोव्हेंबरच्या शेवटी इथे चारच्या आतच सूर्य मावळतो. एकदा दुपारी साडेबाराला निघाले आणि शेवटचा दीड किलोमीटर फोनच्या उजेडात, घोट्याएवढ्या चिखलातून काढला. वाट ओळखीची होती म्हणून निभावलं. तेव्हापासून हिवाळ्यात नियम केला आहे: सूर्यास्ताआधी दीड तास चालणं संपलेलं हवं. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, तेव्हा संध्याकाळ अचानक जवळ येते हे लक्षात ठेवा.

मग नकाशा वाचायला शिका

या एका गोष्टीला वेळ द्या, बाकी सगळं आपोआप जमेल. गाडी चालवताना वापरतो तो फोनवरचा नकाशा इथे पुरत नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा नकाशा हवा. या संस्थेची सुरुवात १७९१ ची, आणि तिने छापलेला पहिला नकाशा १८०१ मध्ये निघाला तो केंटचाच. तेव्हा फ्रेंच स्वारीची भीती होती, आणि समोरचा किनारा केंटचा होता.

चालणाऱ्यांसाठीची मालिका ‘एक्सप्लोरर’, नारिंगी मुखपृष्ठाची. तिचं प्रमाण १:२५,०००, म्हणजे कागदावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तिच्यात शेतांची कुंपणंसुद्धा दिसतात, आणि हाच तिचा खरा फायदा. गुलाबी मुखपृष्ठाच्या ‘लँडरेंजर’मध्ये ती दिसत नाहीत, त्यामुळे वाट कुंपणाच्या डावीकडून की उजवीकडून, हा नेहमीचा प्रश्न सुटत नाही. कागदी नकाशा नको असेल तर याच संस्थेचं ओएस मॅप्स नावाचं अॅप आहे. निघण्याआधी नकाशाचा तुकडा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण टेकड्यांमधल्या खोलगट भागात रेंज जाते.

आता रेषा. एक्सप्लोररवर हिरव्या तुटक रेषा म्हणजे वहिवाटीच्या वाटा. आखूड तुकड्यांची रेषा म्हणजे फुटपाथ, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. लांब तुकड्यांची म्हणजे ब्रायडलवे, तिच्यावर घोडेस्वार आणि सायकलवालेही येतात. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या हिरव्या खुणा ओळीने दिसल्या तर ती राष्ट्रीय पायवाट. काळ्या तुटक रेषांनी मात्र फसू नका. तिथे जमिनीवर वाट आहे, एवढंच त्या सांगतात. जायचा हक्क आहे की नाही, ते सांगत नाहीत.

इंग्लंडमध्ये ‘फुटपाथ’ म्हणजे ही शेतातली वाट. आपण ज्याला फुटपाथ म्हणतो, तो रस्त्याकडेचा, त्याला ते पेव्हमेंट म्हणतात. वाट विचारताना हा घोळ हमखास होतो.

वेळेचा हिशेब सोपा आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये बांधलेला आडाखा अजून चालतो: ताशी पाच किलोमीटर, आणि दर तीनशे मीटर चढाला अर्धा तास जास्त. नवख्यांनी ताशी तीन किलोमीटर धरा. फाटकं, फोटो, चहा, ‘ही वाट तीच ना?’ हे सगळं त्यात बसतं. पहिल्या दिवशी दहा-अकरा किलोमीटरच्या पुढे जाऊ नका.

पायात काय, पाठीवर काय

केंटच्या नॉर्थ डाउन्स टेकड्या खडूच्या आहेत, म्हणजे खरोखर पांढऱ्या चॉकच्या. उंची फार नाही, सगळ्यात उंच जागाही अडीचशे मीटरच्या आसपास. पण ओला खडू साबणासारखा निसरडा होतो आणि त्यावर चिकणमाती असली तर बुटाला किलोभर लगदा चिकटतो. त्यामुळे तळाला खोल खाचा असलेले, घोटा धरणारे, पाणी न शिरणारे बूट हवेत. महाग नकोत, पण नवे कोरे घालून निघू नका. आठवडाभर घरात, दुकानात जाताना वापरा.

जीन्स घालू नका. भिजली की वाळत नाही आणि मांड्यांना गार पडते. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, तो दिवसभर भुरभुरतो, आणि असा पाऊसच माणसाला आतून गारठवतो. छत्री वाऱ्यात उलटते. टोपीचं जॅकेट बरं. अंगावर एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घाला. चढावर काढता येतात. पँट मात्र उन्हाळ्यातही लांबच, का ते रानाच्या भागात सांगते.

पाणी दीड लिटर, कारण वाटेत नळ नाहीत. खाणं घरचं घ्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हा मला आजवर सापडलेला सगळ्यात चांगला डबा. हात न धुता कागदात धरून खाता येतो, सांडत नाही आणि पोट धरतो. कोरडे मोजे एक जोड, छोटी बॅटरी, फोनसाठी पॉवर बँक, प्लॅस्टर, थोडी नाणी. नाणी कशाला तेही पुढे येईल.

अडचण आली तर ९९९ किंवा ११२. रेंज अगदी कमी असताना फोन लागत नाही पण मेसेज जातो. त्यासाठी ९९९ वर मेसेज पाठवायची सोय आहे, मात्र आधी नोंदणी लागते. घरी बसूनच ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत ९९९ ला पाठवा आणि येणाऱ्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे करा. दोन मिनिटांचं काम आहे.

बाण आणि फाटकं

वाट रस्त्यापासून जिथे फुटते तिथे बहुधा पाटी असते. पुढे खांबांवर गोल बिल्ले आणि त्यावर बाण. पिवळा बाण फुटपाथ, निळा ब्रायडलवे, जांभळा आणि लाल म्हणजे गाडीवाटा. राष्ट्रीय पायवाटेवर ओकचं फळ, म्हणजे एकॉर्न, कोरलेलं असतं. बाण फाटकाच्या खांबावर जरा तिरका लावलेला असला तर तो तिरकेपणा मुद्दाम असतो. शेत कडेकडेने न जाता त्या दिशेने आडवं पार करायचं. मी सुरुवातीला सगळी शेतं कडेने फिरायचे आणि पलीकडचं फाटक मला सापडायचं नाही.

उभ्या पिकातून वाट जात असेल तर? ही गोष्ट आपल्या माणसाच्या मनाला सगळ्यात जड जाते. शेतकऱ्याने नांगरट केली तरी पेरणीनंतर वाट पुन्हा किमान एक मीटर रुंद, चालण्याजोगी करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. बहुतेक जण ट्रॅक्टरची चाकोरी पाडून ठेवतात. नसेल तर नकाशावरच्या रेषेने, एकामागोमाग एक, पिकातून चाला. पीक वाचवायला म्हणून कडेने वळसा घातलात तर ती जागा वहिवाटीची नसते. वाट बुजवलेली, तार ठोकलेली दिसली तर भांडत बसू नका. फोटो काढा, जागेची नोंद करा आणि काउंटी कौन्सिलला कळवा.

कुंपण ओलांडायला कुठे लाकडी पायऱ्या असतात, त्यांना स्टाइल म्हणतात. ओल्या असतात, तोंड कुंपणाकडे करून उतरा. कुठे किसिंग गेट असतं: अर्धगोल कठड्यात झुलणारं फाटक. आत जायचं, कोपऱ्यात सरकायचं, फाटक आपल्या पोटासमोरून पलीकडे ढकलायचं आणि निघायचं. पाठीवर मोठी सॅक असेल तर ती काढून डोक्यावर धरा. माणूस जातो, गाय जात नाही, आणि कडी लावायची राहून जाण्याचा प्रश्न येत नाही.

साध्या फाटकाचा नियम एकच. जसं होतं तसं ठेवा. बंद होतं तर बंद, उघडं बांधून ठेवलेलं असेल तर उघडं. उघडं ठेवण्यामागे गुरांना पाण्याशी जाता यावं, असं कारण असू शकतं.

बागेतून जाताना

केंटला ‘इंग्लंडची बाग’ म्हणतात. आठव्या हेन्रीचा फळबागायतदार रिचर्ड हॅरिस याने १५३३ मध्ये टेनमला बाग लावली, आणि फ्रान्स व नेदरलँड्सकडून आणलेली कलमं इथून पसरली असं सांगतात. आज फॅव्हरशमजवळ ब्रॉगडेलला राष्ट्रीय फळसंग्रह आहे. तिथे एकट्या सफरचंदाच्या दोन हजारांहून जास्त जाती जिवंत झाडांच्या रूपात जपल्या आहेत. एक सबंध दिवस काढून तिथे जाच.

बागा दोन तऱ्हेच्या दिसतील. जुन्या बागेत झाडं उंच, ऐसपैस, खाली मेंढ्या चरतात, आणि शिडी लावल्याशिवाय वरचं फळ हाती येत नाही. नव्या बागेत झाडं माणसाच्या उंचीची, तारांवर बांधलेली. या बुटक्या झाडांचं कलम ज्या खुंटावर बांधतात ते ‘एम’ नावाचे खुंट केंटमधल्याच ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रात तयार झाले. आता आपल्या हिमाचलमधल्या दाट लागवडीच्या बागांतही तेच खुंट वापरतात.

बागेतलं फळ तोडायचं नाही. झाडावरचं तर नाहीच, खाली पडलेलंही नाही. वाट सगळ्यांची असली तरी फळ शेतकऱ्याचं. याउलट कुंपणावरची ब्लॅकबेरी, रानातले चेस्टनट अशी आपोआप उगवलेली फळं घरच्यापुरती घेतली तर १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानेही ती चोरी ठरत नाही. विकायला घेतली तर ठरते. ब्लॅकबेरी कंबरेच्या वरची तोडा, खालच्या फांद्यांजवळून कुत्री जातात.

फळ खायची इच्छा होतेच, आणि त्यासाठीच ती नाणी. शेताच्या तोंडाशी टेबल मांडलेलं असतं, पिशव्या भरून ठेवलेल्या, पाटीवर भाव आणि शेजारी पैसे टाकायला डबा. कुणीही बसलेलं नसतं. आई आली होती त्या सप्टेंबरात तिने अशाच टेबलावरून ब्रॅमली सफरचंदं घेतली. हिरवी, ओबडधोबड, मुठीहून मोठी. एक तिथेच चावलं आणि तिचे डोळे मिटले: “अगं, ही तर कैरी!” संध्याकाळी घरी गूळ आणि मेथ्या घालून तिने मेथांबा केला. ब्रॅमली शिजते लवकर, म्हणून फोडी जरा मोठ्या ठेवायच्या आणि गूळ विरघळला की लगेच गॅस बंद करायचा. परदेशात कैरी मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

बागेत ट्रॅक्टर औषध फवारत असेल तर ओळ संपेपर्यंत फाटकाशी थांबा. चालक तुम्हाला पाहून बहुधा स्वतःच थांबतो. चेरीच्या दिवसांत अचानक बंदुकीसारखा बार ऐकू आला तर दचकू नका. पाखरं उडवायला गॅसच्या नळ्या ठेवलेल्या असतात, त्या ठरावीक वेळाने आपोआप वाजतात. आपली गोफण जे काम करते तेच.

गाई आणि मेंढ्या

गाईची आपल्याला भीती वाटत नाही, आणि इथे तीच गोष्ट घात करू शकते. इथल्या गाई दावणीला नसतात, माणसाच्या हाताची सवय कमी, अंगाने दांडग्या. तरुण कालवडी नुसत्या कुतूहलाने पळत येतात. पळू नका, शांतपणे चालत राहा, हातवारे करू नका. वासरं बरोबर असतील तर गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जाऊ नका. लांबून वळसा घाला. त्यासाठी थोडा वेळ वाट सोडावी लागली तरी चालतं. कुरवाळायला जाऊ नका, नमस्कार लांबूनच.

बरोबर कुत्रा असेल तर मेंढ्यांजवळ तो साखळीत हवा. पण गाई अंगावर आल्या तर साखळी सोडून द्या. त्या कुत्र्याच्या मागे लागतात, आणि तो पळून सुटतो.

रानात

केंटच्या रानात एक विचित्र दृश्य दिसेल: एकाच बुंध्यातून आठ-दहा सरळसोट खोडं फुटलेली, आणि अशी झाडं एकरभर. ही चेस्टनटची रानं मुद्दाम अशी ठेवतात. झाड बुंध्याशी कापायचं, ते पुन्हा फुटू द्यायचं, बारा-पंधरा वर्षांनी वासे झाले की परत कापायचं. बिअरसाठी लावतात त्या हॉप्सच्या वेलींना लागणारे खांब आणि कुंपणाचे दांडे या रानांनीच पुरवले. कापलेला भाग पाहून ‘जंगल तोडलं’ असं वाटतं, पण दोन वर्षांनी तिथेच ऊन पोचून फुलं सगळ्यात जास्त येतात.

ऑक्टोबरात चेस्टनट वेचायचे तर फरक नीट ओळखा. खायच्या चेस्टनटचं कवच दाट, बारीक काट्यांचं, साळिंदरासारखं. हॉर्स चेस्टनटचं कवच जाड, त्यावर मोजके आखूड काटे, आणि आतलं बी गोल, गुळगुळीत, चकचकीत. ते विषारी आहे. शंका आली तर टाकून द्या. भूछत्रांच्या वाटेला तर माहीतगार बरोबर असल्याशिवाय जाऊच नका.

ब्लूबेल असताना वाटेवरून एक पाऊलही बाहेर टाकू नका. पानं तुडवली गेली तर त्या कंदाला सावरायला वर्षं लागतात. फोटोसाठी आत शिरलेल्या पावलांच्या पायवाटा पुढच्या मे महिन्यातही दिसतात, आणि ते पाहून वाईट वाटतं. कंद उपटणं तर कायद्यानेच बंद आहे.

लांब पँट कशासाठी, तर नेटल आणि गोचीड. नेटलच्या पानाला हात लागला की खाजकुयलीसारखी आग होते, पण काही तासांत जाते. गोचीड मात्र गंभीरपणे घ्या, तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पँटचे पाय मोज्यांत खोचा. अंगाला चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, हळू वर ओढा. तेल, काडी, डिंक असले उपाय नकोत. पुढच्या महिनाभरात तिथे वाढत जाणारा लालसर चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा आणि गोचीड चावल्याचं सांगा.

पहिली वाट: चिलम ते कँटरबरी

आता प्रत्यक्ष चला. नॉर्थ डाउन्स वे ही फार्नमपासून डोव्हरपर्यंत १५३ मैलांची राष्ट्रीय पायवाट १९७८ मध्ये खुली झाली. तिचा चिलम ते कँटरबरी हा तुकडा, स्टेशनपासून धरून साधारण ११-१२ किलोमीटर, नवख्यांसाठी नेमका आहे. चढ बेताचे, एकॉर्नच्या खुणा जागोजाग, आणि शेवट मोठ्या स्टेशनात.

लंडनच्या सेंट पँक्रसहून ॲशफर्ड, तिथून कँटरबरी वेस्टकडे जाणारी, सगळीकडे थांबणारी गाडी पकडून चिलम. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस येते, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पाहा. तीन ते नऊ जण एकत्र असाल तर ग्रुपसेव्हने तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. दहा-साडेदहाला चिलमला उतरा.

स्टेशनापासून गाव दीडेक किलोमीटर. रस्त्याला पेव्हमेंट नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. गावाचा चौक पाहून थांबालच. काळ्या तुळयांच्या चौकटीत पांढऱ्या भिंती भरलेली जुनी घरं, एका टोकाला सेंट मेरीचं चर्च, दुसऱ्या टोकाला १६१६ मध्ये पुरी झालेली गढी. गढी खासगी आहे. चौकात पब आहे, चहा-कॉफी घ्या, स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या. पबमध्ये कुणी टेबलापाशी विचारायला येईल म्हणून वाट पाहू नका, काउंटरवर जाऊन सांगायचं असतं. बूट चिखलाचे असतील तर दाराशी विचारा.

चर्चच्या बाजूने वाट गावाबाहेर पडते आणि ओल्ड वाइव्ह्ज लीज नावाच्या वस्तीकडे चढते. वस्ती ओलांडली की बागा सुरू. उताराच्या बाजूने सफरचंदांच्या ओळी, वाऱ्याला आड म्हणून लावलेल्या उंच झाडांच्या भिंती, मधेच हॉप्सचे उंच खांब. एखादी ओस्ट दिसेल: गोल विटांची इमारत, वर निमुळतं छप्पर आणि टोकाला पांढरी लाकडी टोपी. बिअरला लागणारी हॉप्सची फुलं तिथे भट्टीवर वाळवत. टोपी वाऱ्याबरोबर फिरते, म्हणजे तिची पाठ नेहमी वाऱ्याकडे राहते आणि वाफ मोकळी निघून जाते. बहुतेक ओस्टमध्ये आता लोक राहतात. याच पट्ट्यात वळणं जास्त आहेत, म्हणून प्रत्येक फाटकाशी नकाशा आणि खूण ताडून पाहा. पाच मिनिटं खूण दिसली नाही तर पुढे रेटू नका. शेवटच्या खुणेपर्यंत परत या.

चार्टम हॅच गेलं की ‘नो मॅन्स ऑर्चर्ड’ लागते. दोन गावांच्या शिवेवर पडते म्हणून ‘कुणाचीच नसलेली बाग’. १९४७ च्या सुमारास लावलेली ब्रॅमलीची मोठी झाडं, शेवाळलेली, पसरलेली, आणि वाट त्यांच्या फांद्यांखालून. आता ती आसपासच्या लोकांनी मिळून जपलेली बाग आहे. डबा इथे उघडा. जगातली सगळी ब्रॅमली झाडं एकाच झाडाची लेकरं आहेत. नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेलला मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने १८०९ मध्ये पेरलेल्या बीचं ते झाड. सप्टेंबरअखेर इथे गवतात पडलेल्या सफरचंदांचा आंबूस, थोडासा दारूसारखा वास असतो, आणि त्यावर काळी-नारिंगी फुलपाखरं बसलेली असतात.

पुढे बिगबरीचं रान. झाडीत खंदक आणि मातीचे बांध दिसतात, ते लोहयुगातल्या गढीचे. इ. स. पू. ५४ मध्ये ज्युलियस सीझरच्या सैन्याने जिंकलेलं ठाणं हेच असावं असं अभ्यासक मानतात. गुलामांना जखडायची लोखंडी साखळीही इथे सापडली आहे. किल्ला म्हटल्यावर बुरूज आणि दरवाजा शोधायची आपली सवय इथे सोडावी लागते. जमिनीचा चढउतार डोळ्यांनी वाचायचा.

त्यानंतर गाड्यांचा घोंगाट ऐकू येतो, ए-टू महामार्ग. तो ओलांडून हार्बलडाउनच्या उंचवट्यावर आलात की समोर कँटरबरीच्या कॅथेड्रलचा मनोरा दिसतो. २९ डिसेंबर ११७० रोजी तिथे आर्चबिशप टॉमस बेकेट मारला गेला, आणि पुढे साडेतीनशे वर्षं लोक त्याच्या समाधीसाठी पायी येत राहिले. लंडनकडून येणाऱ्यांना मनोऱ्याचं पहिलं दर्शन या उंचवट्यावरून व्हायचं. माझे बाबा बारा वर्षं वारीला गेले आहेत. इथे पोचल्यावर त्यांनी काही न बोलता टोपी काढली आणि मनोऱ्याकडे पाहत उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “कळस दिसला.”

इथून उतार. सेंट डन्स्टनचं चर्च लागेल. बेकेटच्या खुनाचं प्रायश्चित्त म्हणून राजा दुसरा हेन्री ११७४ मध्ये इथून पुढे अनवाणी चालत गेला होता. त्याच रस्त्याने वेस्टगेट या जुन्या वेशीपर्यंत पाच-सात मिनिटं, आणि वेशीच्या अलीकडेच कँटरबरी वेस्ट स्टेशनचा फाटा. जलद गाडीने सेंट पँक्रस तासाभरात. हाताशी वेळ असेल तर कॅथेड्रल पाहा, पण शेवटच्या प्रवेशाची वेळ आधी बघून ठेवा.

घरी आल्यावर

बूट दाराबाहेर काढा. चिखल ओला असतानाच ब्रशने घासून धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि हीटरवर न ठेवता सावलीत वाळवा, नाहीतर चामडं तडकतं. आंघोळीच्या वेळी गुडघ्यांच्या मागे, काखेत, कंबरपट्ट्याच्या जागी, मुलांच्या केसांच्या कडेला गोचीड नाही ना ते बघा. मग नकाशा पसरून चाललेल्या तुकड्यावर पेन्सिलने रेघ ओढा, आणि तिला दोन्ही बाजूंनी कुठल्या हिरव्या तुटक रेषा येऊन मिळतात ते शोधा. पुढच्या शनिवारची वाट त्यांतलीच एक.